साधी लेन्स, घरची माणसं

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडलं की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, कुठला कॅमेरा घेऊ?" आम्ही मंडळातले चार-पाच फोटोवेडे या प्रश्नाला आता सरावलो आहोत. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. मॉलमधल्या दुकानात त्याने हातभर लांब झूम लेन्स बघून ठेवलेली असते आणि आमच्याकडून त्याला फक्त "घ्या, घ्या" एवढंच ऐकायचं असतं. आम्ही म्हणतो, "कॅमेरा आहे तोच राहू दे. पन्नासची एक साधी लेन्स घ्या." समोरच्याचा चेहरा पडतो. झूम होत नाही, लांबचं जवळ येत नाही, बुर्ज खलिफा मावत नाही, मग हिचा उपयोग काय?

या "उपयोग काय"चं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि तिकडे मसालेभाताची रांग पुढे सरकत असते. म्हणून हा लेखाचा उद्योग.

आधी ही पन्नासची भानगड काय ते सांगून टाकतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली तरी आमची हरकत नाही. लेन्सवर मिलिमीटरचा जो आकडा छापलेला असतो ते तिचं नाभीय अंतर. आकडा लहान असला की दृश्य रुंद दिसतं, मोठा असला की लांबचं जवळ येतं. ज्या लेन्सचा आकडा कायम, मागेपुढे होतच नाही, ती प्राइम लेन्स. आणि स्टँडर्ड म्हणजे ना फार रुंद, ना फार लांब. फिल्मच्या चौकटीचा कर्ण जेवढा, त्याच्या आसपास लेन्सचं नाभीय अंतर, असा साधा हिशेब. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिमीची, म्हणजे कर्ण झाला साधारण ४३. मग पन्नास कुठून आले? जर्मनीत ऑस्कर बार्नाकने घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या प्रदर्शनात लोकांपुढे आला, त्याला ५० मिमीची लेन्स होती. पुढे बाकीच्यांनीही तोच आकडा उचलला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका आणि पन्नासच्या लेन्सवरच केलं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी भेटून आलेले फोटोग्राफर ते हेच.

आपल्यापैकी जे सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आले त्यांना पन्नासची लेन्स नवीन नाही. फहिदी स्ट्रीटवरच्या दुकानातून पगार साठवून कॅमेरा घेतला की खोक्यात बहुतेक वेळा हीच लेन्स असायची. पेंटॅक्स के-१००० नावाचा दणकट कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होता, त्याची आणि पन्नासची जोडी तर ठरलेलीच. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, ते पुरवून पुरवून वापरायचे आणि गावी गेल्यावर धुवायला टाकायचे, कारण तिकडे स्वस्त पडायचं. पुढे झूम आली आणि ही बिचारी खोक्यातून बाहेर पडली. आता ती वेगळी विकत घ्यावी लागते, म्हणून लोकांना वाटतं की हे काहीतरी जादा कौतुकाचं प्रकरण आहे.

एकच लेन्स म्हणजे मोठी अडचण, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी इथलाच एक दाखला देतो. मुंबईचे रमेश शुक्ला १९६५ साली 'द्वारका' बोटीने इकडे आले. (ज्येष्ठ मंडळींना 'द्वारका' आठवत असेल. मुंबईहून कराची करत आखातात येणारी ही बोट १९८२ पर्यंत चालू होती.) शुक्लांजवळ रोलीकॉर्ड कॅमेरा होता. हा डबीसारखा, छातीशी धरून वरून आत डोकावायचा कॅमेरा. त्याला दोन भिंगं, वरचं बघायला आणि खालचं फोटोला. खालची लेन्स ७५ मिमीची, कॅमेऱ्याला पक्की जोडलेली, बदलायची सोयच नाही. फिल्मची चौकट सहा बाय सहा सेंटिमीटरची, त्यामुळे तिच्या हिशेबाने ७५ म्हणजे स्टँडर्डच झाली. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. २ डिसेंबर १९७१ ला जुमेरातल्या युनियन हाउसमध्ये या देशाचा जन्म झाला, त्या दिवसाचे शुक्लांनी काढलेले फोटो आज इथल्या शाळकरी पोरांनाही ओळखीचे आहेत. तिथे आता एतिहाद म्युझियम आहे, २०१७ साली ते लोकांसाठी खुलं झालं. पण आम्हाला विचाराल तर शुक्लांचे साठच्या दशकातले साध्या माणसांचे फोटो जास्त मोलाचे. खाडीवरची, बाजारातली, उंटांच्या शर्यतीची माणसं. तेव्हा कुणाला वाटलं असेल की हे काढून ठेवण्यासारखं आहे?

आता आपले अल्बम काढून बघा. आम्ही काही घरांतले बघितले आहेत, म्हणून सांगतो. क्लॉक टॉवरसमोर हात बांधून उभे असलेले बाबा. जुमेराच्या किनाऱ्यावर वाऱ्याने उडणारा पदर सावरणारी आई. आणि एक फोटो तर जवळजवळ प्रत्येक घरी सापडतो: रस्त्यात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मर्सिडीजला टेकून काढलेला! तो सातारला, रत्नागिरीला पाठवलेला असायचा आणि तिथे दिवाणखान्यात लागायचा. त्यात थट्टा करण्यासारखं काही नाही, त्या फोटोने घरच्यांना धीर यायचा. पण त्याच अल्बममध्ये राहत्या घराचा फोटो शोधा. करामातली ती एक बेडरूम, जिच्यात पार्टिशन घालून दोन कुटुंबं राहिली, तिचा फोटो आहे? बॅचलर असताना आठ जणांत वाटून घेतलेल्या खोलीतली आपली खाट? स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरशेजारी ठेवलेला देव्हारा? नसतोच. आज फोनमध्ये दहा हजार फोटो असतात, तरी स्थिती फारशी वेगळी नाही. मर्सिडीजच्या जागी बुर्ज खलिफा आला, एवढंच.

आपण इथे कायमचे नाही, ही गोष्ट आपण बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असते. २०१९ पासून गोल्डन व्हिसा आला, काहींना मिळालाही, तरी बहुतेकांचं इथलं राहणं अजून नोकरीच्या कागदाला बांधलेलं आहे. नोकरी गेली की पंधरा-वीस वर्षांचा संसार महिन्या-दोन महिन्यांत आवरायचा. सोफा डुबिझलवर, भांडी शेजाऱ्यांना, कपडे कार्गोच्या खोक्यात. किल्ली परत दिली की त्या घरात पुन्हा पाऊल टाकता येत नाही. गावच्या घरासारखं "आमचं जुनं घर" म्हणून मुलांना दाखवायला नेता येत नाही. मुलं इथे जन्मली, इथल्या शाळेत शिकली, आता पुण्याला नाहीतर टोरांटोला आहेत. ती जेव्हा विचारतात, "आई, आपल्या रोल्याच्या घरात माझा पलंग कुठे होता गं?" तेव्हा दाखवायला काय असतं? बाहेरचंही तसंच. बर दुबईतल्या खाडीजवळच्या देवळाच्या बोळात आपण किती वर्षं फुलं-नारळ घेतले! जानेवारी २०२४ मध्ये ते देऊळ जबल अलीला गेलं. बोळाचा, हार करणाऱ्या हातांचा फोटो किती जणांकडे आहे?

इथेच ही पन्नासची लेन्स कामाला येते, आणि ती तिच्यात जे येत नाही त्यामुळेच. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर. तो पन्नासमध्ये पायापासून टोकापर्यंत बसवायचा तर कॅमेरा उभा धरून जवळजवळ एक किलोमीटर मागे जावं लागेल. कोण जातंय? मग लेन्स आपोआप टेबलाकडे, खिडकीकडे, माणसाकडे वळते. दीड मीटरवर बसलेला माणूस डोक्यापासून पोटापर्यंत छान येतो, थोडी पाठीमागची भिंत येते, भिंतीवरचं कालनिर्णय येतं. झूम हाताने होत नाही म्हणून पायांनी करायचा: एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. पहिले आठ दिवस वैताग येतो. मग हळूहळू कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळायला लागतं की चौकटीत काय येईल. झूमवाल्याला हे कळायला फार वेळ लागतो, कारण त्याची चौकट रोज बदलते.

दुसरा फायदा उजेडाचा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूमचं छिद्र त्या टोकाला जेमतेम एफ ५.६ पर्यंत उघडतं. पन्नासच्या स्वस्तातल्या लेन्सचंही एफ १.८ पर्यंत उघडतं. आकडे उलटे चालतात, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र. या दोहोंत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट! म्हणजे पणत्यांच्या उजेडात, देवापुढच्या समईत, रात्री नाइट लॅम्पच्या प्रकाशात झोपलेल्या बाळाचा फोटो फ्लॅशशिवाय निघतो. फ्लॅश मारला की पणती विझल्यासारखी दिसते आणि घरातली माणसं पासपोर्टला बसल्यासारखी.

पण एवढं मोठं छिद्र सांभाळून वापरावं लागतं. एक मीटरवरून एफ १.८ ने फोटो काढला तर जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. नाकावर फोकस झाला की डोळे धूसर. म्हणून नेहमी जवळच्या डोळ्यावर फोकस करायचा. हळदीकुंकवाचा ग्रुप काढताना एफ ५.६ वर जायचं आणि तीन मीटर मागे सरायचं, मग पुढच्या आणि मागच्या दोन्ही रांगांतल्या वहिनी स्पष्ट येतात. नाहीतर मागच्या रांगेचा रोष पुढच्या वर्षीपर्यंत टिकतो. पळणाऱ्या पोरासाठी शटर एकदोनशेपन्नासांश सेकंद तरी हवं. स्थिर माणसासाठी एकसाठांश पुरतं.

दिवसाचा उजेड म्हणाल तर इथलं ऊन फोटोचं वैरी. सकाळी दहा ते चार बाहेर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्या वेळी घरात थांबावं. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींच्या काचा रंगीत असतात, त्यातून येणारा उजेड चेहऱ्यावर निळा-हिरवा उतरतो, तेव्हा बाल्कनीचं दार सरळ उघडावं. ऊन थेट येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढावा. बाजारात त्यासाठी महागड्या छत्र्या मिळतात, पडदा तेच काम करतो. खोलीतले दिवे बंद करावेत, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा. आणि माणसाला खिडकीकडे पाठ करून नव्हे, कुशीत खिडकी घेऊन बसवावं.

घरातल्या फोटोंचं बोलतोय तर एका जपानी माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. यासुजिरो ओझू हा दिग्दर्शक आपले सिनेमे जवळजवळ सगळे एकाच ५० मिमीच्या लेन्सने काढायचा. कॅमेरा अगदी खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेला. त्याच्या १९५३ सालच्या 'टोकियो स्टोरी'त म्हातारे आई-वडील गावाहून मुलांकडे टोकियोला येतात. मुलं वाईट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. मग ती आई-वडिलांना समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाठवून देतात, की तुम्ही मजा करा! हा सिनेमा आम्ही एकत्र बसून पाहिला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. आपणही आई-बाबांना साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावतो आणि आपली ड्युटी असते म्हणून डेझर्ट सफारीला पाठवून देतो, नाही का? सफारीचे फोटो येतात. आणि उरलेले छप्पन-सत्तावन्न दिवस? बाबा सकाळी बाल्कनीत उभे राहून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजतात. आई डाळ निवडत बसते, कारण तिला इथली स्वच्छ पाकिटातली डाळही निवडल्याशिवाय शिजवता येत नाही. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला दोघं लिफ्टने खाली जातात आणि बस गेल्यावरही थोडा वेळ तिथेच उभे राहतात. हे फोटो काढा. ओझूसारखं खाली बसा, आईच्या नजरेच्या उंचीवर. उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत म्हातारी माणसं उगाचच लहान दिसतात.

"अहो आई, जरा इकडे बघा" असं म्हणू नका. सासूबाई लगेच पदर नीट करून ताठ बसतात आणि तो क्षण गेला! रोज थोडा वेळ कॅमेरा हातात घेऊन नुसतं त्यांच्याजवळ बसा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅमेऱ्याचं नवल संपतं, मग लेन्स दीड मीटरवर असली तरी गप्पा चालू राहतात.

घराबाहेर मात्र गाठ कायद्याशी आहे, आणि हे नव्याने आलेल्यांनी नीट वाचावं. २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर गुन्ह्यांचा कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कुणाच्या खाजगीपणावर घाला घालण्यासाठी, संमतीशिवाय, अगदी सार्वजनिक ठिकाणीसुद्धा फोटो काढणं किंवा तो पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद, किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. सरकारी इमारती, राजवाडे, लष्करी जागा, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये. लांब झूम घेऊन चोरून लोकांचे फोटो टिपण्याची हौस म्हणूनच इथे परवडणारी नाही. पन्नासने तसं जमतही नाही. समोरच्याच्या दोन मीटर जवळ गेल्यावर त्याच्याशी बोलावंच लागतं. "भाई, एक फोटो लूँ?" एवढंच विचारायचं. एक दिरहमात खाडी पार करून देणारा अब्रावाला, कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतला मल्याळी चेट्टा, करक चहावाला, ही माणसं बहुधा हसून हो म्हणतात, आणि नाही म्हणाली तर "ठीक आहे" म्हणून चहा प्यायचा. अनोळखी बायका-मुलांचे फोटो काढायचेच नाहीत. आणि हो, मंडळाच्या गणेशोत्सवात काढलेले दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो न विचारता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकणं, हेही बंद करू या. हे आम्ही आमच्या टोळीला आधी सांगितलंय, मग तुम्हाला.

लेन्स घ्यायला जाण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर बघा. फिल्मच्या मापाचा म्हणजे फुल फ्रेम असेल तर पन्नासच. पण बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यावर पन्नासची लेन्स ७५-८० सारखी वागते आणि आपल्या हॉलमध्ये मागे सरता सरता पाठ फ्रिजला टेकते. त्यांनी ३५ ची घ्यावी, ती तिथे पन्नासचं काम करते. किंमत काही शे दिरहम, एका वीकेंडच्या बाहेरच्या जेवणाइतकी म्हणा. आणि कॅमेराच नसेल तरी अडत नाही. फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या तोडीचा, म्हणजे रुंद असतो. त्याने चेहरा भरून यावा म्हणून आपण फार जवळ जातो आणि नाक फुगतं, कान मागे जातात. बऱ्याच फोनवर '२' असं बटण असतं, ते दाबलं की पन्नासच्या जवळ पोचतो. मग दोन पावलं मागे व्हायचं. महिनाभर त्याच बटणावर राहून बघा.

हवेबद्दल एक सूचना. उन्हाळ्यात एसीतून दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला की काचेवर क्षणात वाफ धरते. पुसत बसू नका. घरातून निघतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि बाहेर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवून मग उघडा. वाळवंटात लेन्स बदलण्याचा धोका तर एकच लेन्स वापरणाऱ्याला नाहीच.

शेवटी, नवी लेन्स घेण्याआधी गावच्या घरी फोन करून विचारा. वडिलांचा किंवा काकांचा जुना एसएलआर कपाटात पडलेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यावर पन्नासची लेन्स असेलच. साधं अ‍ॅडाप्टर लावून ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो. आणण्यापूर्वी लेन्स उजेडासमोर धरून आतून बघायला सांगा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यांनी आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरले असतील तर ती बुरशी. साफ करून घ्यायची ती तिकडेच, आणि बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवूनच इकडे आणायची.